कालव्याचा जुना नकाशा, आपली जमीन


भिवपुरीचं वीजघर १९२२ सालचं. वीज काढून सोडलेलं पाणी राजनाला कालव्यात येतं, त्यावर कर्जतकडे उन्हाळी भात पिकतो.

कालव्यासाठी जमीन घेताना मोजणी होते, नकाशा बनतो. कालव्याची हद्द पाण्याच्या काठाशी संपत नाही. भराव आणि बाजूची वाटही त्यात येते. पुढे कालवा रुंद करायचं ठरलं, तर आधी किती जमीन घेतली होती ते हा जुना नकाशाच सांगतो. त्या हद्दीबाहेरची जमीन गेली, तर मोबदला मागता येतो.

म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढा, सातबाऱ्याशी ताडून पाहा. मोजणीला माणसं आली, की बांधावर आपणही उभं राहायचं. सातबाऱ्यावर नाव आपलं, तर सहीही आपलीच.