दीनबंधू अँड्र्यूज आणि गिरमिटाचा अंत

श्रद्धा ही अंतःकरणातील गोष्ट आहे, असे सर्वच धर्मांचे उपासक मानतात. परंतु ती अंतःकरणातच राहिली तर तिची पारख कशी व्हावी? ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानात मिळते. अंतिम न्यायाच्या दिवशी भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला आसरा दिला का, बंदिवानाची विचारपूस केली का, असे पाहिले जाईल. आणि अगदी लहानातल्या लहान माणसासाठी जे केले, ते प्रभूसाठीच केले असे मानले जाईल. ही शिकवण रविवारच्या उपासनेत ऐकणारे पुष्कळ असतात. ती शब्दशः खरी मानून तिच्यासाठी समुद्र ओलांडणारे थोडे. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे त्या थोड्यांपैकी एक होत.

अँड्र्यूज यांचा जन्म १८७१ साली इंग्लंडमध्ये झाला. धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन ते १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा सत्याग्रह ऐन भरात असताना गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रेरणेने ते आपले सहकारी विल्यम पिअर्सन यांच्यासह तिकडे गेले. जानेवारी १९१४ मध्ये डर्बनच्या बंदरावर उतरताच त्यांनी गांधीजींच्या पायांना हात लावला. एका इंग्रजाने हिंदी माणसाला वाकून नमस्कार करावा, ही गोष्ट तेथील गोऱ्यांना सहन झाली नाही. अँड्र्यूज यांच्या दृष्टीने मात्र त्यात विशेष काही नव्हते. ज्या धर्मात वर्णभेदाला स्थान नाही असे ते मानत, त्या धर्माचे ते साधे आचरण होते.

याच प्रवासात त्यांना करारबद्ध मजुरीचे खरे स्वरूप दिसले. इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले होते आणि करारावर अंगठा उठवणारा ‘गिरमिटिया’ ठरला होता. गोखले यांनी १९१२ साली केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला होता. परंतु सरकारी मताधिक्यापुढे तो टिकला नाही.

फिजी बेटांतील उसाच्या मळ्यांसाठी १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक हिंदी माणसे नेण्यात आली. करार पाच वर्षांचा असे. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि स्त्रीला नऊ पेन्स मजुरी ठरलेली होती. पण नेमून दिलेले काम पुरे झाले तरच ती पदरात पडे. काम अपुरे राहणे किंवा गैरहजर राहणे हा फौजदारी गुन्हा होता. त्यासाठी दंड वा तुरुंगवास होई आणि बुडालेले दिवस कराराच्या मुदतीत वाढवले जात. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवण्याचा नियम होता. ‘कुली लाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाळींतील एकेका अरुंद खोलीत तीन पुरुष किंवा एक कुटुंब राहत असे. आत्महत्यांचे प्रमाण भयावह होते.

अँड्र्यूज यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात एक अनुभव नमूद आहे. फिजीला जाण्यापूर्वी सिमल्यात आजारातून उठत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे नाताळमध्ये पाहिलेला, मार खाऊन पळालेला एक करारबद्ध मजूर उभा राहिला; आणि पाहता पाहता त्या भेदरलेल्या चेहऱ्याच्या जागी त्यांना ख्रिस्ताचा चेहरा दिसला. एखाद्या भाविकाने अशा दर्शनानंतर प्रार्थनेत दिवस घालवले असते. अँड्र्यूज यांनी जहाजाचे तिकीट काढले.

भक्तीइतकीच चिकाटी त्यांच्या पुढील कार्यात दिसते. भारतात मजुरांची भरती कशी होते याची माहिती घेऊन १९१५ च्या अखेरीस ते व पिअर्सन फिजीला पोहोचले. ते मजुरांच्या चाळींत गेले, त्यांनी त्यांच्या कहाण्या ऐकल्या आणि मळेवाल्यांचेही म्हणणे समजून घेतले. १९१६ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. वाईट माणसे चांगल्या व्यवस्थेत शिरली आहेत असे त्यात म्हटलेले नव्हते. व्यवस्थाच माणसांना बिघडवते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणूनच सुधारणा नको, समूळ उच्चाटन हवे, अशी त्यांची मागणी होती.

तथापि हे यश एकट्या अँड्र्यूज यांचे नव्हे. फिजीत एकवीस वर्षे काढून १९१४ साली परतलेले तोताराम सनाढ्य यांनी हिंदीत आपली कैफियत मांडली होती. मळ्यावरील गोऱ्या देखरेख्याच्या अत्याचारातून सुटण्यासाठी १९१३ साली नदीत उडी घेणाऱ्या कुंती या मजूर स्त्रीची हकीकत देशभर पोहोचली होती. पीडितांचा आवाज आधीच उठला होता. अँड्र्यूज यांनी तो राज्यकर्त्यांच्या भाषेत, राज्यकर्त्यांच्याच दारी नेला. त्यांच्या अहवालातही उणीव होती. मळ्यांवरील स्त्रियांच्या नीतीविषयी त्यात ज्या सुरात लिहिले गेले, त्याने अन्यायाचा डाग काही अंशी पीडित स्त्रियांवरच पडला, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सद्हेतूलाही आपल्या काळाच्या मर्यादा असतात.

मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या ठरावावर व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी पद्धत बंद करण्याचे तत्त्वतः मान्य केले. परंतु पर्यायी व्यवस्था होईपर्यंत भरती चालू राहील, असे दिसू लागले. गांधीजींनी ३१ मे १९१७ ही अखेरची मुदत मागितली, देशभर सभा झाल्या आणि १९१७ साली भरती थांबली. अनेकांनी येथेच समाधान मानले असते. अँड्र्यूज मात्र त्याच वर्षी पुन्हा फिजीला गेले, कारण जुन्या करारात अडकलेली माणसे अद्याप मळ्यांवरच होती. ऑस्ट्रेलियातील लोकांपुढे, विशेषतः तेथील स्त्रियांपुढे, त्यांनी त्या माणसांची स्थिती मांडली. उरलेले करार १ जानेवारी १९२० पासून रद्द झाले.

या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. दुःखितांची सेवा आणि अन्यायाचा प्रतिकार यांत फरक आहे. जखमेवर पट्टी बांधणाऱ्याची सर्वजण स्तुती करतात. जखम कोणी केली असे विचारणारा स्वकीयांनाही खटकतो. अँड्र्यूज यांचे स्वकीय म्हणजे साम्राज्याचे राज्यकर्ते आणि त्या साम्राज्याला आशीर्वाद देणारी मंडळी. त्यांच्याशी नाते न तोडता, पण त्यांच्या सोयीसाठी सत्यही न लपवता, त्यांनी १९४० साली कलकत्त्यात देह ठेवीपर्यंत कार्य केले. भारतीयांनी त्यांना ‘दीनबंधू’ म्हटले. धर्मपीठाने दिलेल्या कोणत्याही पदवीपेक्षा हे नाव मोठे आहे. कारण श्रद्धा खरी होती की नाही, याची साक्ष अखेर दीनांनीच द्यावयाची असते.