आकडा लहान, भार मोठा

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावीं, वैशाखाच्या दिवसांत, पुढील प्रसंग सहज घडण्याजोगा आहे. माजघरांत अॅम्प्लिफायर असून त्यास आठ ओहमचा एक स्पीकर जोडलेला आहे. ओसरीवर निजणाऱ्या आजोबांना रात्रीं भजन ऐकूं यावें म्हणून घरचा मुलगा तसाच दुसरा स्पीकर आणतो व पहिल्याच्याच तारांना जोडून देतो. आवाज भरघोस येतो. सर्वांस समाधान वाटतें. परंतु थोड्याच वेळांत यंत्र हात लावूं नये इतकें तापतें आणि भजन मध्येंच बंद पडतें. दोष यंत्राचा नव्हे, स्पीकरचाहि नव्हे. तो जोडणीचा आहे.

स्पीकरच्या पाठीवर ४, ८ किंवा १६ ओहम असा आकडा छापलेला असतो. स्पीकरमधील तारेचें वेटोळें विजेच्या प्रवाहास जो एकंदर अडथळा करतें, त्यास इंपीडन्स अथवा संरोध म्हणतात; हा आकडा त्याचें ढोबळ माप होय. साध्या मीटरनें मोजल्यास आठ ओहमचा स्पीकर सुमारें सहाच ओहम दाखवितो, म्हणून तो सदोष समजूं नये. मीटर केवळ तारेचा रोध मोजतो. गाण्याची वीज क्षणोक्षणीं दिशा बदलते, आणि तिला होणारा अडथळा स्वराच्या उंचीप्रमाणें कमीअधिक होतो.

पुष्कळांची गफलत होते ती येथेंच. मोट जितकी मोठी, तितका बैलांवर भार अधिक, हें सर्वांस ठाऊक असतें. स्पीकरचा हिशेब उलटा आहे. अडथळा कमी झाला कीं प्रवाह वाढतो, आणि तो पुरविण्याचा भार यंत्रावर पडतो. यंत्र २० व्होल्ट देत आहे असें धरूं. आठ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर प्रवाह जाईल व ५० वॅट शक्ति खर्च होईल. तसेच दोन स्पीकर समांतर जोडले तर दोहोंचा मिळून संरोध चारच ओहम होतो. प्रवाह पांच अँपिअर व शक्ति १०० वॅट. ज्या यंत्राच्या पाठीवर ‘कमीत कमी ८ ओहम’ असें लिहिलें आहे, त्यास हा भार सोसत नाहीं.

मग ‘जुळणी’ हा शब्द आला कोठून? २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां स्वस्त स्फटिकयंत्रावर कार्यक्रम ऐकणारे लोक कानांना श्रवणयंत्र लावीत. त्याचा संरोध हजारों ओहम असे. राइस व केलॉग यांचा वेटोळ्याचा स्पीकर १९२५ सालीं पुढें आला; त्याचा संरोध मात्र अवघा कांहीं ओहम. व्हॉल्व्हला तर हजारों ओहमचा भार हवा. हें अंतर ट्रान्सफॉर्मरनें मिटविलें. त्याच्या दोन वेटोळ्यांतील फेऱ्यांचें प्रमाण २५ ला १ असेल, तर संरोध त्याच्या वर्गाच्या, म्हणजे ६२५ च्या पटीनें बदलतो; आठ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला पांच हजार ओहमसारखा भासतो. म्हणून अशा यंत्रांना ४, ८ व १६ ओहमसाठीं निरनिराळीं टोकें असतात, आणि स्पीकर त्याच आकड्याच्या टोकास लावावा लागतो. स्पीकर न जोडतां असें यंत्र मोठ्या आवाजावर चालविल्यास ट्रान्सफॉर्मरमध्यें दाब भलताच वाढून त्याचें आवरण फुटण्याची भीति असते.

१९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला व पुढें घरगुती यंत्रांतून तो ट्रान्सफॉर्मर गेला. आजच्या यंत्रांत आकडे सारखे असण्याची गरज नाहीं. छापलेल्या किमान आकड्याच्या खालीं मात्र जाऊं नये. अधिक ओहमचा स्पीकर लावल्यास शक्ति थोडी कमी मिळेल, इतकेंच.

तेव्हां त्या मुलानें पहिल्या स्पीकरचें ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकास जोडावें, आणि उरलेलीं दोन टोकें यंत्रास द्यावींत. संरोध १६ ओहम होईल. आवाज कांहींसा मंद होईल, परंतु यंत्र थंड राहील. ओसरी दहा मीटर दूर असेल तर ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक तार जातांयेतां सुमारें अर्धा ओहम रोध वाढवून शक्ति वायां घालविते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हा रोध तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. उन्हाळ्यांत यंत्रावर कापड झांकूं नये, भोंवतीं वारा खेळूं द्यावा.

नवा स्पीकर विकत घेण्यापूर्वीं यंत्राच्या पाठीवरील एक ओळ वाचण्यास खर्च कांहींच नाहीं. ती न वाचण्याचा खर्च मात्र पुष्कळदां सबंध यंत्राइतका असतो.