एका कागदाचे चार धडे



परकी भाषा कशी शिकवावी, या विषयावर एका कामगार कार्यकर्त्याने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी शिक्षक नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे इंग्रजी मी नोटिसा आणि करारपत्रे वाचूनच शिकलो.

दहा वर्षांपूर्वी, मोर्णेच्या याच काठावर राहणारा एक दहावी पास कामगार माझ्याकडे आला. त्याने एका इंग्रजी कागदावर सही केली होती. म्हणाला, ''अक्षरं तं वाचली भाऊ, पन कागद काय म्हन्ते ते नाई समजलं.'' कागद म्हणत होता की, तो राजीखुशीने नोकरी सोडत आहे. अकरा वर्षांची नोकरी एका सहीत गेली.

हा माणूस निरक्षर नव्हता. त्याला शाळेत इंग्रजी होते. पण ते डोळ्यांचे आणि हाताचे. कान आणि जीभ रिकामीच राहिली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे ऋण मी मानतो. परंतु नुसत्या भाषांतराने समोरच्या साहेबाला प्रश्न विचारता येत नाही. ढाक्याला शिकविणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी 1926 साली वाचनाला अग्रस्थान द्यावे असे मांडले. त्या काळच्या विद्यार्थ्याला पुस्तकांपुरते ते पुरले असेल; कामगाराला पुरत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. चांगले झाले. पण लवकर पेरले म्हणजे पीक येतेच असे नाही, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको.

त्या प्रसंगानंतर आम्ही युनियनच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग काढला. पुस्तक नाही, एक 'कारणे दाखवा' नोटीस घेतो. प्रथम मी ती मोठ्याने वाचतो, कागद सर्वांनी पालथा ठेवायचा. 'विदिन सेव्हन डेज' एवढे जरी कानाने पकडले, तरी पुष्कळ. मग बोलणे : कोणी लिहिले, कोणाला लिहिले, सात दिवस कधीपासून मोजायचे? उत्तर मोडक्या इंग्रजीत चालते. हसायला मात्र बंदी आहे. त्यानंतर कागद उलटा करून तेच शब्द शोधायचे. शेवटी चार ओळींचे उत्तर लिहायचे : नोटीस मिळाली, आरोप मान्य नाही, कागदपत्रांच्या नकला द्याव्यात. ते उत्तर दुसऱ्याने मॅनेजर होऊन वाचायचे आणि उलट प्रश्न करायचे. म्हणजे पुन्हा ऐकणे आले, पुन्हा बोलणे आले. एकच शब्द चार वाटांनी आत गेला की तो आपला होतो.

त्या कामगाराची नोकरी परत मिळाली नाही. परंतु वर्गात नवा माणूस आला की एक वाक्य तोच शिकवितो : 'प्लीज एक्स्प्लेन धिस बिफोर आय साइन.' सही करण्यापूर्वी मला हे समजावून सांगा.

येथील शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच : बँकेची स्लिप घ्या, औषधाची चिठ्ठी घ्या, पण ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांचे तास वेगळे पाडू नका.

आपण सर्वांनी आज नुसते ऐकले आहे. घरी जाऊन कोणाला तरी सांगा. धडा तेव्हा पुरा होईल.