आधी शब्द ठरवावेत



कृष्णाकाठच्या या वाई नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा प्रतिनिधींचे मनःपूर्वक स्वागत करतो. सॉफ्टवेअरच्या घटकांमधले इंटरफेस आणि त्यांचे स्पष्ट करार हा आपल्या परिषदेचा विषय. मी हळदीचा व्यापारी. आमच्याकडे नमुना पाहून सौदा ठरतो आणि पोती उतरली की माल नमुन्याबरहुकूम आहे का, ते पाहिले जाते. आपल्या विषयाशी माझी ओळख एवढीच. तिच्या बळावर मी हे स्वागताध्यक्षपद स्वीकारले.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. सरदार गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलेला ढोल्या गणपती आपण पाहालच. पण मंदिराची मागची भिंतही आवर्जून पाहा. ती माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यापाशी दुभंगते. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, घाटावर पोर्तुगीज घंटा आहे. ‘स्वदेस’ चित्रपटातला नासाचा अभियंता याच घाटावर वावरला.

मात्र माझ्या वाईचे खरे वैभव म्हणजे मराठी विश्वकोश. केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. वेदान्तापासून अणुविज्ञानापर्यंतचे विषय, लेखक गावोगावचे, बरेचसे एकमेकांना कधी न भेटलेले. एकाने ‘आम्ल’ लिहिले आणि दुसऱ्याने त्याच अर्थाने ‘तेजाब’, तर वाचकाने काय करावे? म्हणून परिभाषासंग्रह १९७३ साली निघाला आणि विश्वकोशाचा पहिला खंड त्यानंतर, १९७६ साली. आधी शब्द ठरले, मग ज्ञान छापले गेले. लेखकाने लेख कसा लिहावा यात त्याला मोकळीक होती. शब्दाच्या अर्थात नव्हती. आपणही घटकाच्या आतले काम ज्याचे त्याच्यावर सोपवता आणि वेशीवरचा व्यवहार तेवढा पक्का करता, असे मला सांगण्यात आले. तेव्हा मला विश्वकोशच आठवला.

वेशीवरचा शब्द ढिला राहिला तर काय होते, हे जगाने २३ सप्टेंबर १९९९ रोजी पाहिले. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचताच हरवले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे एक प्रणाली पाउंड-सेकंदांत देत होती, दुसरी ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती. फरक सुमारे साडेचार पटींचा. आकडे न्यूटन-सेकंदांतच द्यावेत, असे इंटरफेसच्या कागदावर लिहिलेले होते. ते पाळले जाते का, हे वेळीच कुणी तपासले नाही. नमुना ठरला, पण पोते उघडून पाहायचे राहिले.

आता व्यवस्थेविषयी. गाव लहान, लॉज मोजकी. म्हणून अनेकांची सोय घरोघरी केली आहे. जिने उंच आहेत, काही घरी अंघोळीचे पाणी बंबात तापते. मंडईजवळ गाड्या लावायला जागा अपुरी पडेल. इंटरनेटच्या दोन जोडण्या घेतल्या आहेत आणि जनरेटरही आणला आहे. तरीही खंड पडलाच तर उदार मनाने सांभाळून घ्यावे. या उणिवांची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.

परिषद भरली आहे त्या कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही. पेठेतल्या व्यापारी बांधवांनी शिधा दिला, शेतकऱ्यांनी भाजी आणि तांदूळ पोहोचवला, बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून स्वयंपाकघरात आहेत. शाळेने बाके दिली, विद्यार्थी एसटी स्थानकावर आपली वाट पाहत उभे राहिले. नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी काल रात्री घाट धुऊन काढला. एका आजींनी पेन्शनमधली रक्कम पाकिटात घालून पाठवली. नाव सांगू नका, असा निरोपही दिला. या सर्वांचा मी ऋणी आहे.

शेवटी एक विनंती. गंगापुरीतल्या विश्वकोशाच्या कार्यालयाला भेट दिल्याशिवाय जाऊ नका. आणि या दोन दिवसांत आपण जे शब्द वापराल त्यांची, प्रत्येकाचा नेमका अर्थ लिहिलेली, मराठी यादी वाईत ठेवून जा. ती छापण्याचा खर्च स्वागत समिती करील.