पुरे कोणी म्हणायचं?

 

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यात संगणकशास्त्राचे आणि डिझाइनचे विद्यार्थी बरेच आहेत. उद्या तुम्ही बनवलेल्या अॅपवर लोक तासन्‌तास घालवतील, आणि त्यातून त्यांना सोडवणारं अॅप बनवण्याचं कामही तुमच्यापैकीच कुणाकडे येईल. त्या दुसऱ्या कामाबद्दल, आणि ते आजवर कुणी कसं केलं त्याबद्दल, मी बोलणार आहे.

दक्षिण कोरियात २०११च्या नोव्हेंबरात एक कायदा लागू झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. कुलूप थेट गेम कंपन्यांच्या सर्व्हरवर. मुलांनी आईवडिलांचे नागरिक-नोंदणी क्रमांक टाकून वाट काढली. पुढे खेळ मोबाइलवर गेले आणि मोबाइलच्या खेळांना कायदा लागू नव्हता. १ जानेवारी २०२२ पासून तो रद्द झाला. मला यात खटकते ती वेगळीच गोष्ट. सोलमध्ये खासगी शिकवण्या रात्री दहाला बंद करायला लावणारा स्वतंत्र नियम आहे. असा नियम करावा लागतो, यावरूनच तिथल्या मुलांचा दिवस कसा जातो ते ओळखा. शाळेतून शिकवणीला, शिकवणीतून दहाला घरी. मित्रांशी बोलायला, खेळायला हक्काची वेळ उरते ती त्यानंतरचीच. सरकारने त्या उरलेल्या वेळेवर पहारा बसवला. मूल मध्यरात्री का खेळतं, हे मुलालाच विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

चीनने २०२१च्या ऑगस्टमध्ये याहून कडक नियम केला: अठरा वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री आठ ते नऊ. टेन्सेंट कंपनीने त्याआधीच, प्रौढाच्या नावच्या खात्यावर रात्री खेळ लांबला की चेहरा दाखवायला लावणारी सोय आणली होती, कारण आजी-आजोबांचं ओळखपत्र वापरून खेळणारी मुलं पुष्कळ. तिथे लाखो मुलं आजी-आजोबांजवळ वाढतात. आईवडील दूरच्या शहरात कामाला. कॅमेरा चेहरा ओळखतो, पण ते मूल घरात एकटं का आहे हे त्याला कळत नाही.

जपानच्या कागावा प्रांताने २०२० मध्ये नियम केला. मुलांनी रोज साठ मिनिटं, सुट्टीच्या दिवशी नव्वद मिनिटंच गेम खेळावेत. लक्ष घरच्यांनी ठेवावं. शिक्षा काहीच नाही. एका शाळकरी मुलाने त्यावर थेट कोर्टात दाद मागितली. तो हरला, पण एवढ्या साऱ्यांत मुलाचा आवाज ऐकू आला तो इथेच.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा निराळी. २०१८ मध्ये अॅपल आणि गुगल या तिथल्या दोन कंपन्यांनी फोनमध्येच वेळेचा हिशेब आणला. मर्यादा तुम्हीच घाला, ती संपली की फोन सांगेल, आणि अॅपलच्या फोनवर खालीच तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचं बटण. माणूस एकटा आहे, त्याचा फोन त्याचा एकट्याचा आहे आणि मोडलेला नेम त्याचा त्यालाच भोवेल, हे सगळं त्यात गृहीत धरलेलं आहे.

आता आपल्या सांगली जिल्ह्यात या. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, सुमारे तीन हजार वस्ती. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल मुलांच्या हातातून सुटेना. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतला टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. आधी पुरुषांनी ते हसण्यावारी नेलं. मग ग्रामपंचायतीने बायकांना एकत्र केलं. आपणही मालिकांत फार अडकतो, हे बायकांनी उघड मान्य केलं आणि बंद ठेवायचं तर सगळ्या गावानेच, असं ठरलं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मला यातलं मोल वाटतं ते त्या कबुलीचं. पोराच्या हातातला मोबाइल काढून घेणारी आई आपली मालिकाही बंद करते, तेव्हा पोराला ती शिक्षा वाटत नाही.

पण गावाने ठरवलं की ते चांगलंच, असं मी म्हणणार नाही. गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात सूरज नावाचं गाव आहे. तिथल्या पंचायतीने २०१६ मध्ये मोबाइल बंद केला तो फक्त अविवाहित मुलींना, मोडल्यास २१०० रुपये दंड. कारण काय, तर अभ्यासात लक्ष लागत नाही. त्याच वयाच्या मुलग्यांच्या अभ्यासाची काळजी कुणाला नव्हती. पंचायत तिथेही होती, गावकीही होती. ज्यांच्यावर बंदी आली त्यांना मात्र बोलायला जागा नव्हती. वडगाव आणि सूरज यांतला फरक नीट पाहा. तुम्ही बनवलेलं साधन उद्या कुणाच्या हाती पडेल आणि कुणावर चालवलं जाईल, ते या फरकावरून समजेल.

आणखी एक अडचण सांगते, ती खास आपल्या घरांतली. कितीतरी घरांत चांगला फोन एकच. दिवसा तो वडिलांबरोबर बाहेर असतो. संध्याकाळी त्यावर शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ येतो आणि धाकटी तो वहीत उतरवून घेते. मग थोरला मॅच बघतो. रात्री आजी त्यावरच कीर्तन ऐकत झोपते. फोन सकाळी हिशेब देतो: काल सात तास. कुणाचे सात तास? त्यातला गृहपाठ कुठला, नाद कुठला, विरंगुळा कुठला? कॅलिफोर्नियात केलेल्या साधनाला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे फोन ज्याचा त्याचा.

अशा घरासाठी, मराठीत, चौघांना मिळून वेळ ठरवता येईल आणि चौघांपैकी कुणालाही हरकत घेता येईल असं साधन निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. ते तुम्ही करावं अशी माझी फार इच्छा आहे. पैसा त्यात फारसा मिळणार नाही, पण चार माणसांच्या घरात धाकटीचंही म्हणणं मोजलं जाईल. कराल तेव्हा पहिली चाचणी कडेगाव तालुक्यात घ्या, आणि सभेला आधी बायकांना बोलवा. त्यांनी हे करून पाहिलेलं आहे.