औषधांची पिशवी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्यकाचे जाणकार नव्हेत. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेतील ३६ वर्षांची चाकरी, एवढीच आमची पुंजी. तरीही आज औषधांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, याचे कारण गतवर्षी आम्हांवर गुदरलेला प्रसंग होय.

रक्तदाबासाठी गावच्या डॉक्टरांनी दिलेली अॅम्लोडिपिन नावाची गोळी आम्ही कित्येक वर्षे घेत होतो. तिची मात्रा वाढल्यावर काही आठवड्यांनी घोटे सुजू लागले. डॉक्टर तेव्हा बाहेरगावी होते. म्हणून लोकलने बोरिवलीस जाऊन दुसऱ्यांस पाय दाखविले. त्यांनी लघवी वाढविणारी गोळी दिली. सूज तशीच राहिली. उभे राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी मात्र येऊ लागली. मग तिसऱ्या ठिकाणाहून चक्करीची गोळी आली. त्या डॉक्टरांस दोष देववत नाही. "काय काय घेता?" असे विचारता आम्ही "बीपीची एक गोळी" एवढेच सांगितले होते. पूर्ण वाक्यात उत्तर द्या म्हणून जन्मभर मुलांस दरडावणाऱ्या मास्तरांचे हे उत्तर!

एके सकाळी वाडीत केळीला पाणी सोडीत असता बावखलाच्या काठी आमचा तोल गेला. माडाचा बुंधा हाती लागला, म्हणून आज आपणांसमोर उभे आहोत.

त्याच दिवशी सूनबाईंनी घरातील आमची सारी औषधे एका कापडी पिशवीत भरली आणि आम्हांस गावच्या डॉक्टरांकडे नेले. टेबलावर अकरा पाकिटे निघाली. एकेक उचलून ते विचारीत, ही कोणी दिली, कशासाठी, अजून लागते काय? निम्म्यांची उत्तरे आम्हांस देता येईनात. पित्ताच्या गोळ्यांची दोन पाकिटे होती. ठळक नावे निराळी, पण मूळ औषध एकच, पॅन्टोप्रॅझोल. दोन्ही आम्ही उपाशीपोटी श्रद्धेने घेत होतो! गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकही होती. ती पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अशी गोळी रक्तदाब वाढवू शकते आणि लघवीच्या गोळीच्या जोडीने मूत्रपिंडांस अपाय करू शकते, हे आम्हांस तेव्हा कळले.

घोट्यांची सूज अॅम्लोडिपिनचीच होती. ह्या सुजेत अंगात पाणी जास्त झालेले नसते. बारीक रक्तवाहिन्यांतून ते पाझरून पायांशी उतरते. म्हणून लघवीच्या गोळीने ती हटली नाही. डॉक्टरांनी बसवून व उभे करून असा दोनदा दाब मोजला, रक्त तपासविले, काही गोळ्या बंद केल्या, एक बदलली. अकरांच्या पाच झाल्या आणि महिन्याभरात चपला पायांत नीट बसू लागल्या.

परंतु हे ऐकून कोणी घरची पाकिटे उकिरड्यावर टाकू नयेत. मेटोप्रोलॉलसारखे औषध एकाएकी सोडल्यास हृदयास धोका संभवतो. काय ठेवायचे नि काय सोडायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. पिशवी भरून नेणे तेवढे आपले काम.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांपासून होणारा टाळता येण्याजोगा गंभीर अपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला होता. तेव्हा ही केवळ वसईची रडकथा नव्हे. तथापि आपल्याकडे गावचे डॉक्टर, बोरिवलीचे तज्ज्ञ आणि मुंबईचे मोठे रुग्णालय अशा तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या एकाच कपाटात नांदतात, आणि त्या एकत्रित कोणाही डॉक्टरांच्या नजरेस पडत नाहीत.

आमच्या कुटुंबाची पिशवी अद्याप उघडावयाची आहे. तीत मधुमेहाची मेटफॉर्मिन आहे. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते असे डॉक्टर म्हणाले, आणि इकडे त्यांच्या तळपायांस सहा महिने मुंग्या येत आहेत. येत्या गुरुवारी आम्ही उभयता जाणार आहोत.