शाळा टिकते कशाने?
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा काढणे सोपे नसते. पण ती काढणाऱ्यांच्या पश्चात चालविणे त्याहून अवघड. म्हणून पावणेपाचशे वर्षे हे काम करीत आलेल्या एका संघाची हकिकत आज आपणांपुढे ठेवतो. तो म्हणजे कॅथलिक पंथाचा येशूसंघ, अर्थात जेझुइट. धर्म ज्याचा त्याला; शाळा चालविण्याची विद्या मात्र कोणाकडूनही घ्यावी.

संस्थापक इग्नेशियस लॉयोला हा मूळचा शिपाईगडी. १५२१ मध्ये स्पेनमधील पांप्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि आयुष्याची दिशा बदलली. तिशी उलटल्यावर तो बार्सिलोनात लहान मुलांबरोबर बसून लॅटिन शिकला, पुढे पॅरिसला गेला. १५४० मध्ये पोपने संघाला मान्यता दिली. शाळा काढणे हा मूळ बेत नव्हता. सिसिलीतील मेसिना शहराने मागणी केली, खर्च उचलला, म्हणून १५४८ मध्ये तेथे शाळा उघडली. मुलांकडून फी घ्यावयाची नाही, हा दंडक होता.

पुढे शाळा वाढल्या आणि जो तो आपापल्या परीने शिकवू लागला. यावर संघाने काय केले? अभ्यासपद्धतीचा मसुदा तयार करून १५८६ मध्ये देशोदेशींच्या शाळांकडे पाठविला, शिकविणाऱ्यांचे अभिप्राय मागविले, १५९१ मध्ये दुसरा मसुदा केला आणि १५९९ मध्ये अखेरचा ग्रंथ छापला. कोणत्या वर्गात काय शिकवावे, कालच्या धड्याची उजळणी कशी घ्यावी, वरच्या वर्गात कोणाला घालावे, सारे त्यात आले. मुख्याध्यापक बदलला तरी शाळा बदलू नये, ही त्यामागची दृष्टी.

१७७३ मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला. शेकडो शाळा हातच्या गेल्या. रशियाच्या कॅथरीन राणीने मात्र तो हुकूम आपल्या राज्यात लागू होऊ दिला नाही. तेथे बीज राहिले. १८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला. इमारती गेल्या होत्या, पद्धत लिहिलेली होती.

आपल्या भूमीशीही त्यांचे नाते जुने. १५५६ मध्ये गोव्यात त्यांनी छापखाना आणला. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. १५८० मध्ये त्यांचे धर्मगुरू बादशहा अकबराच्या निमंत्रणावरून फत्तेपूर सिक्रीला वादचर्चेस बसले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चे. बगदादमध्ये अमेरिकन जेझुइटांनी १९३२ मध्ये काढलेल्या शाळेत मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी मुले एका बाकावर बसत. १९६९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर घालविले. तरी तेथे शिकलेले अयाद अल्लावी आणि आदिल अब्दुल महदी पुढे इराकचे पंतप्रधान झाले.

मित्रहो, गुण सांगताना दोष झाकू नयेत. ज्या अमेरिकेत त्यांनी जॉर्जटाउन विद्यापीठ उभारले, तेथेच १८३८ मध्ये त्यांनी २७२ गुलाम माणसे विकली आणि आलेल्या पैशाचा काही भाग विद्यापीठाच्या कर्जफेडीत गेला. त्याची जाहीर माफी २०१७ मध्ये मागितली गेली. शतकानुशतके त्यांच्या शाळांत मुलींना जागा नव्हती. १९७३ मध्ये संघाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात विचारले की, दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे आपण घडविली काय? उत्तर त्यांनीच दिले: नाही. अनेक श्रोते रागावले. पण प्रश्न राहिलाच.

त्या प्रश्नाला काहींनी आधीच कृतीने हात घातला होता. १९५५ मध्ये व्हेनेझुएलाच्या काराकास शहरात फादर होसे मारिया वेलास गरीब वस्तीत शाळेला जागा शोधीत होते. अब्राहम रेयेस या गवंड्याने स्वतःच्या हाताने, वर्षानुवर्षे खपून बांधलेले राहते घर त्यांना देऊन टाकले. मुले फरशीवर बसली. त्यातून 'फे इ अलेग्रिया' ही शाळांची चळवळ अनेक देशांत पसरली.

आता आपणच विचार करावा. आपली पद्धत कोठे लिहून ठेवली आहे काय? शिक्षकांचे म्हणणे आपण मागवितो काय? फी भरू न शकणारे मूल दारातून परत जाते काय? आणि मुलींचा बाक रिकामा तर नाही ना? या चार प्रश्नांची उत्तरे आपण पुढील वार्षिक सभेपूर्वी कागदावर मांडावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.